‘ट्रंकेतला झेंडा लाखाचा’: फिरत्या मेसेजला उत्तर

सातारा-सांगलीकडच्या ग्रुपांवर एक मेसेज जोरात फिरतोय. आजोबा-पणजोबा पलटणीत होते? मग ट्रंक उघडा, दुसऱ्या महायुद्धातला जपानी, जर्मन नाहीतर इंग्रजी झेंडा निघाला तर लाखो रुपये. अस्सल-नकली घरीच काडी लावून, यूव्ही टॉर्च मारून, शिक्का बघून ओळखा. झेंडा निघू शकतो, हे खरं. मराठा पलटणी इटलीत जर्मनांशी लढल्या, चौथी बटालियन मार्च १९४४ मध्ये मणिपुरात सांगशाकला जपान्यांसमोर होती. बाकीचं मात्र तपासून घ्यावं असं आहे.

‘कोपरा जाळून बघा.’ कोपरा जाळला की वस्तू गेली. जपानी झेंड्याच्या कोपऱ्यांनाच तर अनेकदा चामड्याचे किंवा जाड कागदाचे तिकोनी तुकडे लावलेले असतात. शिवणीतून सुटलेला एक तंतू चिमट्यात धरून जाळा, तेवढा पुरे. लोकर नि रेशमाला केस जळल्याचा वास येतो, राख बोटाने चुरते. सुती नि रेयॉन कागदासारखं जळतं. वितळून कडक मणी झाला तर बहुधा पॉलिस्टर, म्हणजे मोठा संशय: त्याचा शोधच १९४१ चा, बाजारात आलं युद्धानंतर. पण नायलॉन नि अ‍ॅसिटेटही असंच वितळतं आणि ती युद्धाआधीची आहेत, म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नका. पण सुती निघालं म्हणून अस्सल ठरत नाही. सुती कापड इचलकरंजीत आजही हवं तेवढं मिळतं.

‘यूव्हीत चमकला तर नकली.’ चमक येते ती कापड पांढरं करणाऱ्या रसायनाची, जे सर्रास वापरात आलं युद्धानंतर. आजीने कधीकाळी तो झेंडा टिनोपालमध्ये बुचकळला असेल, तर अस्सलही लखलखेल. म्हणून वरच्या कापडावर निकाल देऊ नका, शिवणीचा दोरा बघा. कापड मंद आणि दोरा निळा-पांढरा चमकला, तर निदान शिवण तरी अलीकडची आहे.

‘शिक्का असला की अस्सल.’ शिक्का मारणं सगळ्यात सोपं. पट्टी घेऊन मापाशी ताडून बघा. ब्रिटिश नौदलाच्या झेंड्यावर ‘ब्रेड्थ’मध्ये माप असतं, एक ब्रेड्थ ९ इंच. ६ ब्रेड्थचा युनियन जॅक ५४ बाय १०८ इंच भरला पाहिजे. लोकर दोन-तीन इंच आटते, पण शिक्का ६ चा आणि झेंडा तीन बाय पाच फूट, असं होत नाही. अमेरिकन झेंड्यावर तर आधी तारे मोजा: युद्धकाळात ४८ होते, ५० झाले १९६० मध्ये.

जपानी सह्यांच्या झेंड्याला शिक्क्याची गरजच नसते. तो युद्धावर निघालेल्या सैनिकाला दिलेला असे, आणि त्यावर त्याचे नातेवाईक, शेजारी, सहकारी यांनी बहुधा आपापल्या हाताने लिहिलेलं असतं. कुणाचा कुंचला जाड, कुणाचा थरथरता. सगळी नावं एकाच वळणाची दिसली तर संशय घ्या.

‘डाग नि भोकं जितकी जास्त, तितका भाव.’ असं काही ठरलेलं नाही. शिवाय हेच सगळ्यात जास्त बनवलं जातं. दोरीकडच्या पट्टीची दुमड हलक्या हाताने उघडून आत बघा: उन्हात फडकलेल्या झेंड्याचा मूळ रंग आत गडद राहतो. चहाच्या पाण्यात बुडवलेला आतूनही तितकाच पिवळा. काठीवर असलेला झेंडा आधी मोकळ्या टोकाला विरतो, चारी बाजूंनी सारखा नाही. कसर लोकर नि रेशीम खाते; स्वच्छ सुती झेंड्यावर कसरीची भोकं दिसली तर ती मुद्दाम पाडलेली असू शकतात.

‘धुऊन, इस्त्री करून फोटो टाका, परदेशी ग्राहक लाखो देतात.’ धुवू नका, इस्त्री नको, डांबराच्या गोळ्या कापडाला टेकवू नका. आम्लमुक्त (ॲसिड-फ्री) कागद लावून नळीवर गुंडाळा. इंटरनेटवर दिसतो तो मागितलेला भाव. विकल्या गेलेल्या वस्तूंचे आकडे बघा, ते बरेच खाली असतात, कारण सैनिकांनी असे झेंडे ढिगाने घरी आणले. भाव चढतो तो कागदांनी: डिस्चार्ज बुक (पलटणीतून सुटताना मिळालेली नोंदवही), पलटणीचं नाव, त्या काळचा फोटो. ट्रंकेतली ही कागदं रद्दीत जातात आणि झेंडा एकटा विकायला निघतो, हा खरा तोटा. पहिल्या महायुद्धातला झेंडा असेल तर आणखी एक अडचण: १९७२ च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांहून जुन्या ऐतिहासिक वस्तू येतात आणि खासगी माणसाला त्या परदेशी पाठवता येत नाहीत. मेसेजमध्ये याचा उल्लेखही नाही.