यकृताचा आजार, उडालेली झोप आणि ‘नैसर्गिक’ गोळ्यांचा दावा

यकृताचा जुनाट आजार असलेल्यांसाठी एक संदेश सध्या मोठ्या प्रमाणावर फिरतो आहे. त्याचा आशय असा: यकृत बिघडले की शरीरात मेलाटोनिन (झोपेची वेळ सांभाळणारे संप्रेरक) कमी पडते, त्यामुळे झोप उडते आणि झोप उडाल्यामुळे विसराळूपणा येतो; तेव्हा रात्री मेलाटोनिन घ्यावे, जोडीला अश्वगंधा किंवा ग्लायसीन घ्यावे, ही पूरके नैसर्गिक असल्याने यकृतावर भार पडत नाही आणि घेऊन पाहण्यात तोटा काहीच नाही. या युक्तिवादाची जवळजवळ प्रत्येक कडी कच्ची आहे.

झोप गेली म्हणून बुद्धी मंदावली, हे निरोगी माणसाबाबत पटण्यासारखे आहे. सिरोसिसमध्ये, म्हणजे यकृत घट्ट, व्रणयुक्त झालेल्या जुनाट आजारात, मात्र दोन्ही गोष्टींचे मूळ अनेकदा एकच असते. आतड्यात तयार होणाऱ्या अमोनियाचे निरोगी यकृत युरियात रूपांतर करते. सिरोसिसमध्ये काम करणाऱ्या पेशी कमी उरतात, शिवाय आतड्याकडून येणारे काही रक्त यकृताला वळसा घालून पुढे जाते, आणि अमोनिया मेंदूपर्यंत पोहोचतो. तेथील ॲस्ट्रोसाइट नावाच्या आधार देणाऱ्या पेशी त्याचे ग्लुटामिन बनवतात आणि त्या ओघात फुगतात. या अवस्थेला हिपॅटिक एन्सेफॅलोपॅथी म्हणतात, आणि रात्री टक्क जाग व दिवसा पेंग हे तिच्या सुरुवातीच्या लक्षणांपैकी एक आहे. असा रुग्ण गप्पा नीट मारतो, घरच्यांना काही वावगे वाटत नाही. पण कागदावर विखुरलेले 1 ते 25 आकडे क्रमाने रेषेने जोडायला दिले की हात रेंगाळतो, आणि मिनिटभरात प्राण्यांची नावे सांगायला सांगितली की चार-सहा नावांनंतर अडखळायला होते. येथे डोके ताळ्यावर आणणारी औषधे आतड्यात काम करतात. लॅक्टुलोज या शौच मऊ करणाऱ्या औषधाची मात्रा दिवसाला 2 ते 3 मऊ शौच होतील अशी बेतली जाते. त्याच्या जोडीला रिफॅक्सिमिन हे आतड्यातील जंतूंवरचे प्रतिजैविक दिल्यास काय होते, हे 299 रुग्णांवरील 2010 सालच्या चाचणीत दिसले: सहा महिन्यांत एन्सेफॅलोपॅथी पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण सुमारे 46 टक्क्यांवरून 22 टक्क्यांवर आले. या चाचणीत दोन्ही गटांतील बहुतेक रुग्ण लॅक्टुलोज घेतच होते.

अर्थात प्रत्येक जागरणाचे खापर अमोनियावर फोडता येत नाही. पित्त साचल्यामुळे येणारी खाज, पायात येणारे गोळे, संध्याकाळी उशिरा घेतलेली लघवीची गोळी, वजन जास्त असल्यास झोपेत अडणारा श्वास, यांपैकी कशानेही झोप मोडते, आणि यांतल्या प्रत्येकावरचा उपाय निराळा आहे.

मेलाटोनिनच्या कमतरतेचा दावा तर सरळसरळ उलटा आहे. हे संप्रेरक यकृतातच मोडते आणि सिरोसिसमध्ये ते मोडण्याचा वेग मंदावतो. 1995 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सिरोसिसच्या रुग्णांच्या रक्तात दिवसाही मेलाटोनिन जास्त आढळले, आणि रात्रीची वाढ उशिराने होताना दिसली. म्हणजे साठा अपुरा नव्हता, वेळापत्रक बिघडले होते. मेलाटोनिन कुचकामी आहे असे मात्र म्हणता येणार नाही. सौम्य ते मध्यम सिरोसिसच्या रुग्णांना दोन आठवडे 3 मिलिग्रॅम मेलाटोनिन दिल्यावर झोप सुधारल्याचे आणि दिवसाची पेंग कमी झाल्याचे एका छोट्या चाचणीत आढळले आहे. पण तेथे पारखली गेली ती झोप. त्यावरून स्मरणशक्ती सुधारण्याची हमी काढणे ही संदेश लिहिणाऱ्याची भर आहे.

‘नैसर्गिक म्हणजे निर्धोक’ या समजुतीवर खरे तर वेळ घालवू नये, पण यकृताच्या बाबतीत ती जिवावर बेतू शकते. अश्वगंधेनंतर कावीळ झालेल्या पाच रुग्णांची नोंद 2020 साली आइसलंड आणि अमेरिकेतून झाली. पुढे भारतातून आलेल्या नोंदींत आधीपासून यकृताचा आजार असलेल्या काहींचा मृत्यूही झाला. झोपेसाठीच वापरल्या जाणाऱ्या कावा या वनस्पतीबाबत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2002 सालीच इशारा दिला होता. ग्लायसीन हे साधे अमिनो आम्ल, पण शरीरात ते मोडताना अमोनिया सुटतो. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेत धुण्यासाठी वापरलेले ग्लायसीनचे द्रावण रक्तात शोषले जाऊन अमोनिया वाढल्याची आणि रुग्ण गोंधळल्याची उदाहरणे ठाऊक आहेत. रात्री घेतलेली चमचाभर पूड त्या मानाने फारच कमी आहे हे मान्य. तरीही ज्याचा उपचारच अमोनिया घटवण्यासाठी चालला आहे, त्याने ती हौसेने का घ्यावी?

शिवाय वेष्टनावर लिहिलेले आत असतेच असे नाही. अमेरिकेत 2023 साली तपासलेल्या 25 मेलाटोनिन गमींपैकी 22 मध्ये प्रत्यक्ष मात्रा आणि छापील आकडा जुळत नव्हते, आणि एकीत मेलाटोनिन नव्हतेच.

उरला ‘घेऊन पाहा’ हा सल्ला. अडचण अशी की गुंगी आणणाऱ्या पदार्थाचा दुसऱ्या दिवशी उरलेला अंमल आणि एन्सेफॅलोपॅथीची सुरुवात बाहेरून सारखीच दिसते. पूरकाने भागले नाही म्हणून झोपेच्या गोळीकडे वळणाऱ्यांचा धोका आणखी मोठा आहे: झोल्पिडेम या झोपेच्या गोळीचे अर्धे प्रमाण रक्तातून जायला निरोगी माणसात सुमारे 2.2 तास लागतात, सिरोसिसमध्ये सुमारे 9.9 तास, आणि डायझेपामच्या वर्गातील गोळ्या एन्सेफॅलोपॅथी ओढवून आणू शकतात. म्हणून झोप बदलली की दुकानाआधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना सांगावे, आणि आधीच काही पूरक सुरू असल्यास त्याची बाटली सोबत न्यावी. झोपेतल्या बदलाच्या जोडीला वार-तारीख चुकू लागली, हात पुढे धरल्यावर पंजे फडफडू लागले किंवा शौच काळी झाली, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.