स्लॅशरचे तेरा पार्ट आणि व्हिएतनामचं पाण्यातलं भूत

काल रात्री परत हॅलोवीन लावला, 1978चा, पहिला, अमेरिकन स्लॅशर, म्हणजे एक खुनी एकेकाला मारत सुटतो तसला पिक्चर. आणि परत तेच वाटलं, या लोकांकडे काहीही नव्हतं हो. सव्वातीन लाख डॉलरच्या आसपास बजेट, गोष्ट ऑक्टोबरातली आणि शूटिंग कॅलिफोर्नियात ऐन वसंतात, मग काय, पानं तपकिरी रंगवायची, रस्त्यावर पसरायची आणि शॉट झाला की गोळा करून पुढच्या शॉटला परत तीच. त्यातला खुनी मायकेल मायर्स, त्याचा मुखवटा म्हणजे बाजारात मिळणारा स्टार ट्रेकच्या कॅप्टन कर्कचा, त्याला पांढरा रंग मारला. म्युझिकसुद्धा डायरेक्टर जॉन कार्पेंटरचं स्वतःचंच. आणि तरी भरदुपारी त्या कुंपणाच्या झुडपाशी तो नुसता उभा दिसतो ना, तिथे आजही पोटात गोळा येतो. भीती त्या गल्लीची आहे, सगळं नेहमीसारखं चाललेल्या गल्लीची.

पुढे याचे 13 पिक्चर झाले. 1982ला तिसऱ्या पार्टमध्ये मायकेलला वगळून वेगळी गोष्ट सांगून बघितली तर लोकांना ते झेपलं नाही, 1988ला तो परत आला तो कायमचाच. 2018ला तर पहिला सोडून मधलं काही घडलंच नाही असं धरून नवीन सुरुवात. फ्रायडे द थर्टीन्थ या दुसऱ्या स्लॅशर मालिकेचंही तेच, पहिल्यात खून करते ती जेसनची आई, पुढे खुनी झालेल्या जेसनचा हॉकी मास्क तिसऱ्यात आला, पण आज विचारा कुणालाही, मास्कच आठवणार. गल्ली गेली, मुखवटा राहिला. मला याचं खरंच वाईट वाटतं.

हे सगळं आत्ता का, तर सध्या मी व्हिएतनामचे पिक्चर बघतोय आणि तिथे जे चाललंय ते आपल्याकडे कुणी बोलतच नाहीये. 2013 मध्ये तिथे सायगावच्या गँगवाल्यांवरचा एक अख्खा तयार पिक्चर हिंसेपायी बॅन झाला होता. हॉररमध्ये भूत दाखवलं तरी शेवटी ते स्वप्न तरी निघायचं नाहीतर कुणाचा तरी डाव, कारण अंधश्रद्धा सेन्सॉरला चालायची नाही. 2017 पासून वयाप्रमाणे सर्टिफिकेट सुरू झाली, 18 वर्षांवरच्यांसाठी वेगळं, आणि हळूहळू श्वास मोकळा झाला. 2024चा डायरेक्टर त्रान थानचा 'माई' 18 प्लस असूनही कमाईत 500 अब्ज डोंगच्या (डोंग म्हणजे तिथलं चलन) वर गेला, आणि 2025ला व्हिएतनाम युद्धातल्या क्वांग त्रीच्या 1972च्या लढाईवरच्या 'मुआ डो'ने 700 अब्ज ओलांडून तोही रेकॉर्ड मोडला.

पण मला बोलायचंय ते 'मा दा'बद्दल, 2024चा. एक बाई आहे, नदीत बुडालेल्यांची प्रेतं बाहेर काढून घरच्यांच्या ताब्यात देणं हे तिचं काम. तिकडे समजूत अशी की बुडून मेलेल्याला सुटका हवी तर त्याने दुसऱ्या कुणाला तरी पाण्यात ओढून आपल्या जागी बसवायचं. आणि ते भूत या बाईच्याच पोरीवर टपलंय. आयुष्यभर जिने दुसऱ्यांची माणसं परत आणून दिली तिचीच पोर! मला लगेच आमच्या कोकणातला गिऱ्हा आठवला, आजी संध्याकाळी खाडीकडे फिरकू द्यायची नाही त्याच्यापायी. पिक्चर काही सगळा जमलेला नाहीये, मध्ये रेंगाळतो, दचकवण्याचे आवाज जरा जास्तच आहेत. पण ते पाणी तिथलंच आहे, उसनं नाही.

बाहेरून घेऊ नये असं मी अजिबात म्हणत नाही. आपला तात्या विंचू चकी या हॉलीवूडच्या खुनी बाहुल्यावरूनच आला ना, 1993ला, पण महेश कोठारेंनी त्याला इतका मराठी केला की पोरांना चकी नंतर कळला. फक्त आता व्हिएतनाममध्ये हॉररला पैसा दिसायला लागलाय, मग पार्ट टू, पार्ट थ्री येणार, आणि कुणीतरी म्हणणार की भुताला एक फिक्स चेहरा द्या, लोकांना तोच लक्षात राहतो. तेव्हा त्यांनी 'मा दा'मधल्या त्या होडीतल्या बाईला सोडू नये एवढंच मला मनापासून वाटतं. दहा पार्ट काढा, पण ती गळ टाकून बसलीये, दोरी जड लागतेय आणि वर कोण येणार ते तिलाही माहीत नाही, ही भीती राहू द्या.