दुसऱ्याच्या नावाची नोटीस हातात घेतली म्हणून कर्ज तुमचं होत नाही

पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे. मजकूर थोडक्यात असा: “तुमच्या पत्त्यावर अनोळखी माणसाच्या नावाने बँकेची नोटीस आली तर सही करू नका, केलीत की कर्ज तुमच्यावर चढतं. ‘नकार’ लिहून परत पाठवा. पत्ता थकबाकीच्या यादीत गेला की तुमचा सिबिल (कर्जफेडीची पत दाखवणारा स्कोअर) पडतो, वसुलीवाले घरातलं सामान उचलतात. पुढच्या पत्रांकडे बघू नका, प्रकरण आपोआप मिटतं.”

धनकवडीत आमच्या वरच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या काकूंनी हे वाचलं आणि चार दिवस कुणालाच दार उघडलं नाही. त्यांच्या औषधांचं पार्सलही परत गेलं. त्यांच्या आधी तिथे भाड्याने राहून गेलेल्या एका मुलाच्या नावाने दोन नोटिसा आल्या होत्या, एवढंच. म्हणून या मेसेजला उत्तर द्यायलाच हवं असं मला वाटतं.

आधी हे होतं कसं ते बघू. अकरा महिन्यांचा करार, नोकरी हिंजवडीत नाहीतर खराडीत, आणि तोच करारनामा पत्त्याचा पुरावा म्हणून जोडून घेतलेलं गाडीचं कर्ज किंवा क्रेडिट कार्ड. मुलगा खोली सोडतो, दुसऱ्या गावी जातो, बँकेत पत्ता बदलायचा राहून जातो. पुढे हप्ता थकला की पत्र जुन्याच दाराशी येतं. दर वेळी त्यामागे फसवणूकच असते असं नाही.

आता “सही केली की कर्ज तुमचं”. हे साफ चूक आहे. कर्ज फेडायची जबाबदारी कर्जदाराची, सहकर्जदाराची आणि जामीनदाराची. कर्जदार वारला तर त्याच्या वारसांवरही ती मिळालेल्या मालमत्तेपुरतीच येते. पोस्टमनकडे केलेली सही म्हणजे पाकीट मिळाल्याची पोच, त्यापलीकडे काही नाही. तरी ती करू नका असं मीही सांगेन, पण कारण वेगळं आहे: पाकीट पोचल्याची नोंद झाली की बँकेला पत्ता बरोबर वाटतो आणि पुढची पत्रंही तुमच्याकडेच येत राहतात.

“नकार लिहा” हा सल्ला मात्र मला सगळ्यात घातक वाटतो. १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टच्या कलम २७ प्रमाणे बरोबर पत्त्यावर रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलेली नोटीस, उलट सिद्ध होईपर्यंत, पोचली असं धरलं जातं. घेणाऱ्याने नाकारली तरी न्यायालयं ती पोचलीच समजतात. चेक न वटल्याच्या खटल्यांत हे नेहमी दिसतं. म्हणजे ‘घेण्यास नकार’ असा शेरा पडला की कागदोपत्री अर्थ निघतो की तो माणूस इथेच राहतो आणि टाळतो आहे. तुम्हाला ज्याच्यापासून सुटायचं होतं तेच घट्ट होतं. शिवाय त्या मुलाला काही कळायच्या आतच त्याच्याविरुद्धचं प्रकरण पुढे सरकतं, हा त्याच्यावरही अन्याय आहे.

पाकिटावर लिहायचं ते असं: ‘ही व्यक्ती या पत्त्यावर राहत नाही.’ नक्की माहीत असेल तर ‘पत्ता सोडून गेली’. खाली तारीख. पाकीट फोडू नका. पोस्टमनच्या हाती द्या किंवा पोस्टात नेऊन द्या. पाठवणाऱ्याचं नाव आणि संदर्भ क्रमांक बहुतेक वेळा बाहेरच छापलेले असतात, त्यांचा फोटो आधी काढा. मग बँकेच्या वेबसाइटवरून तक्रार निवारण अधिकाऱ्याचा ईमेल शोधून तीन ओळी पाठवा: इथे मी अमुक तारखेपासून राहते, या नावाची व्यक्ती इथे राहत नाही, तिच्याशी माझा संबंध नाही, पत्ता नोंदीतून काढावा. आधारची प्रत आपणहून जोडू नका. ओळख पटवावीच लागली तर मास्क्ड आधार द्या, त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात. काकूंसाठी मी हेच केलं आणि पत्रं थांबली.

न्यायालयाचा बेलिफ समन्स घेऊन आला तर जास्त सावध राहा. कर्जदार घरी नसेल तर त्याच्यासोबत राहणाऱ्या घरातल्या सज्ञान माणसाकडे समन्स देता येतं. म्हणून ‘आम्ही त्याचे कुटुंबीय नाही, तो इथे राहत नाही’ हे बेलिफाला त्याच्या अहवालात लिहून घ्यायला सांगा.

सिबिलचं थोडक्यात: नोंद कर्जदाराची होते, घराची नाही. पॅन, नाव, जन्मतारीख यांवरून माणूस ओळखला जातो. शंका असेल तर चारही पतमाहिती कंपन्यांकडून (सिबिल त्यातलीच एक) वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट मिळतो. त्यात तुम्ही न घेतलेलं कर्ज दिसलं तर मात्र तो वेगळा, गंभीर प्रकार. बँकेकडे आणि पोलिसांकडे लगेच तक्रार करा.

सामान उचलून नेण्याचा अधिकार वसुली एजंटला नाही. जप्ती न्यायालयाच्या हुकुमाने होते, तीही कर्जदाराच्या मालाची. रिझर्व्ह बँकेच्या १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात वसुलीसाठी ‘कोणत्याही व्यक्तीला’ धमकावण्याची, छळण्याची मनाई आहे. त्यात तुम्हीही आलात. थकबाकीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायलाही बंदी आहे. दाराची साखळी न काढता ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र मागा. जबरदस्तीने आत आले तर ११२ लावा. भारतीय न्याय संहितेत घरात बेकायदा घुसणं कलम ३२९ खाली आणि धमकी कलम ३५१ खाली गुन्हा आहे.

राहिलं “आपोआप मिटतं”. पाकिटावरचं नाव तुमच्या घरमालकाचं असेल, किंवा ज्यांच्याकडून फ्लॅट घेतला त्यांचं असेल, तर स्वस्थ बसणं महागात पडेल. इथे खुद्द घरच तारण असू शकतं. २००२ च्या सरफेसी कायद्याने बँक दिवाणी दावा न लावता तारण घराचा ताबा घेऊ शकते: आधी ६० दिवसांची नोटीस, मग दारावर चिकटवलेली ताबा नोटीस, आणि तीच दोन वर्तमानपत्रांत, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. असं पाकीट आलं की घरमालकाला त्याच दिवशी फोन करा. फ्लॅट विकत घेतलेला असेल तर केर्सायच्या, म्हणजे तारण मालमत्तांच्या केंद्रीय नोंदवहीतल्या, नोंदी तपासा आणि वकिलाकडून नवा सर्च रिपोर्ट (फ्लॅटवर कुणाचा हक्क किंवा बोजा आहे याचा अहवाल) काढून घ्या. बँकेने ताबा घेतला तर त्या दिवसापासून ४५ दिवसांत कर्ज वसुली न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. पुण्यात हे न्यायाधिकरण आहे आणि भाडेकरूलाही तिथे आपलं म्हणणं मांडता येतं. म्हणून दारावरचा तो कागद फाडू नका. फोटो काढा आणि त्यावरची तारीख लिहून ठेवा.