समोरच्याचं पात्र तुमच्या मालकीचं नाही

आरपी म्हणजे ऑनलाइन रोलप्ले लिहिणाऱ्या नव्या पोरापोरींना मी एकच सांगते. पोस्ट किती सुंदर झाली याचा हिशोब नंतर करा. आधी बघा, ती वाचून समोरच्याचे हात लिहायला शिवशिवतात का.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दोन-चार जण मिळून गोष्ट लिहितात. प्रत्येकाचं एक पात्र असतं. एकाने परिच्छेदभर लिहायचं, दुसऱ्याने तिथून पुढे न्यायचं. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा एकेक पात्र घेऊन खेळायचा खेळ आला. 1978 मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांच्या हातून ‘मड’ हा कॉम्प्युटरवरचा, नुसत्या मजकुरावर चालणारा खेळ घडला. आता आमच्यासारखे लोक डिस्कॉर्ड या चॅट अ‍ॅपवर लिहितात.

पण आपल्या सांगलीला याचं नवल वाटायचं कारण नाही. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी इथे ‘सीतास्वयंवर’ केलं तेव्हा पदं सूत्रधार म्हणायचा आणि पात्रं आपापली भाषणं आयत्या वेळी, मनाने करायची. कथा सगळ्यांना पाठ, वाक्यं मात्र कुणालाच नाहीत. अशा वेळी समोरच्याचं बोलणं नीट ऐकल्याशिवाय उत्तर देणार कसं? चांगला आरपी लिहिणाराही आधी चांगला ऐकणारा असतो, असं माझं ठाम मत आहे.

आमच्या ग्रुपवर सध्या सांगलीजवळच्या हरिपूरची गोष्ट चालू आहे. जुना काळ, हळदीचा व्यापार, ती साठवायची पेवं म्हणजे जमिनीखालचे खोल खड्डे. एक मुनीम आहे दौलत, एक परगावचा हमाल आहे रंगा. आता समजा, रंगा लिहिणाऱ्याने लिहिलं, ‘रंगाने दौलतला पेवात ढकललं. दौलत घाबरून ओरडला आणि सगळं कबूल केलं.’ झालं, संपलं! दौलतचं काय होणार हे दौलत लिहिणाऱ्याला विचारलंच नाही. याला गॉडमोडिंग म्हणतात आणि हे मला खरंच सहन होत नाही. त्याने दौलतला घडवलंय, त्याची भीती, त्याचा हट्ट त्याला माहीत आहे. तुम्ही लिहायचं ते एवढंच: ‘रंगाने दौलतच्या पाठीवर हात ठेवला आणि जोर लावला.’ आणि थांबायचं. दौलत पडेल, वळून मनगट धरेल, नाहीतर हसेलही. ते तुम्हाला आधी ठाऊक नसतं, म्हणून तर हे लिहायला मजा येते.

दुसरा दोष याच्या उलट आणि जास्त फसवा. पोस्ट लांबलचक, भाषा देखणी, पण सगळं मनातल्या मनात. दौलतला बालपण आठवतं, कर्ज आठवतं, आईचा आवाज आठवतो आणि शेवटी ‘तो काहीच बोलला नाही.’ आता रंगाने काय करावं? त्याला दौलतच्या मनातलं दिसत नाही. लिहिणाऱ्याने वाचलंय म्हणून रंगाला ते कळलं असं दाखवलं, तर ते मेटागेमिंग. मनातलं लिहू नका असं मी म्हणत नाही. पण त्यातलं थोडं तरी बाहेर दिसू द्या. दौलतने कमरेचा किल्ल्यांचा जुडगा दोनदा चाचपला, एवढं पुरतं. रंगाला ते दिसतं. तो विचारू शकतो, किल्लीवर डोळा ठेवू शकतो, न बघितल्यासारखंही करू शकतो.

जागेची माहितीही अशीच कामाला लावावी. पेव उघडलं की कुणी लगेच आत उतरत नाही. आत हवा कोंडलेली असते, जीव जाऊ शकतो. दिवा सोडून बघतात, विझला तर थांबायचं. हे निबंधासारखं सांगू नका. लिहा, ‘दिवा विझला. दौलतने रंगाकडे बघितलं, “उतरतोस?”’ आता पुढची पोस्ट रंगाने लिहिल्याशिवाय राहून दाखवावं.

समोरच्याची अख्खी पोस्ट आपल्या पात्राच्या नजरेतून पुन्हा लिहून काढणं हाही वेळकाढूपणाच. गोष्ट इंचभरही सरकत नाही. लांबीचा मात्र फार बाऊ करू नका. भांडणात तीन ओळी बास होतात.

आणि हरायला शिका. आपलं पात्र कायम शूर, हुशार, सगळ्यांच्या वरचढ ठेवणाऱ्यांसोबत लिहून माणूस थकतो. रंगाला वाचता येत नाही, हे पहिल्याच आठवड्यात उघड करा. बघा दौलत त्याच्यापुढे कुठला कागद सरकवतो. दुबळी बाजू दाखवलीत की समोरच्याला काहीतरी करायला मिळतं, आणि तुमचं पात्रही लक्षात राहतं ते त्यामुळेच.

पात्राचा जीव घ्यायचा असेल, हात तोडायचा असेल, जिव्हारी लागेल असं काही आणायचं असेल, तर आधी ओओसी, म्हणजे पात्राबाहेर येऊन, समोरच्या लिहिणाऱ्याला विचारा. दुहेरी कंसात एक ओळ लिहायला कितीसा वेळ लागतो? परीक्षा, बाळंतपण, घरचं आजारपण, काहीही असो, सांगून लिहिणं थांबवा. रिप्लायची वाट बघत बसलेल्या माणसाचाही विचार करा.

हरिपूरच्या गोष्टीत सध्या एक जागा रिकामी आहे. दौलतच्या मालकाची विधवा बहीण, हिशोबाची पक्की, बाकी सगळं तुम्ही ठरवायचं. लिहायचं असेल तर मला मेसेज करा. सोबत तिची एकच पोस्ट पाठवा: ती पेवाजवळ येते आणि रंगाला काहीतरी विचारते.