दुसरा काही केल्या पडेना

आमच्या ओमनीत दुसरा गियर कसा टाकायचा, यावर घरात कधीच एकमत नव्हतं. बाबा आधी तिसऱ्याला नुसतं चाटवून मग दुसऱ्यावर यायचे. धाकटा भाऊ क्लच दोनदा मारायचा आणि मधे ॲक्सिलरेटरला एक झटका द्यायचा. यालाच डबल क्लच म्हणतात, असं सांगताना तो थेट सीमेवरून रणगाडा चालवून आल्यासारखा दिसायचा. बायको दांडीवर हात ठेवून "चल गो बाय" म्हणायची, आणि अन्याय असा की तिचा पडायचा. माझा पक्ष बळाचा. त्यातून जी किर्रर्र निघायची ती ऐकून गोव्यातल्या आमच्या फर्मागुडीच्या चढावर मागचे स्कूटरवाले आपणहून अंतर ठेवायचे.

गाडी २००३ सालची. पंधरा वर्षं झाल्यावर फिटनेस करून, पुन्हा नोंदणी करून आम्ही तिला पेन्शनीत काढायच्या ऐवजी भजनात घातली. पेटी, पखवाज, टाळांची थैली, चतुर्थीच्या दिवसांत वाजवायची मातीची घुमटं आणि या सगळ्यांच्या फटीत बसतील तेवढी माणसं, एवढं घेऊन ती आजवर गावोगावी हिंडली. वास्कोच्या सप्ताहालाही जाऊन आली. पुढची डावी सीट बुवांची. ओमनीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, तेव्हा ७९६ सीसीची सगळी ऊब सरळ बैठकीला. मे महिन्यात फोंड्याहून पेडण्याला पोचेपर्यंत बुवा न गाताच वरच्या पट्टीत गेलेले असायचे.

आवाज आम्ही चालवून घेतला असता. पण मग पडलेला गियर सुटायला लागला. चढावर मधेच खटकन न्यूट्रल, इंजिन हवेत बोंबलतंय, गाडी जागच्या जागी. तेव्हा दुसरा टाकला की दांडी धरून बसायचं काम बुवांकडे आलं. एका हातात दांडी, दुसऱ्या हाताने मांडीवर ठेका. बुवा समेवर आले की हात उचलायचे, आणि गियर सुटायचा.

गाडी बिघडली म्हटल्यावर सल्ल्यांना तोटा नाही. "विकून टाक" हा पहिला. विकणार कुणाला? १९८४ साली आलेली ही व्हॅन २०१९ मध्ये बनायची बंद झाली. आता ती घेतात ते एक तर हौशी, नाही तर मासळीवाले. "इको घे, पाच गियर आहेत" हा दुसरा. त्यावर शेजारच्या काकांनी सुचवलं, गाडी कशाला बदलतोस, चार गियरचा खोका काढून नुसता पाचाचा घाल. तिथून आमच्या घरात पाचव्या गियरचं खूळ शिरलं. काका म्हणाले, मारुती ८०० चा बसव. भाऊ म्हणाला, जिप्सीचा.

भाचा फर्मागुडीलाच मेकॅनिकल शिकतो. त्याने वहीच्या पानावर चित्र काढून काकांचा निकाल लावला. ८०० ला पुढची चाकं ओढतात, तिचं इंजिन आडवं आणि गियरबॉक्स न् दोन्ही चाकांना जोर वाटून देणारं डिफरन्शियल एकाच खोक्यात. आपली मागच्या चाकांनी ढकलली जाते, मधे जोर मागे नेणारा लांब प्रोपेलर शाफ्ट. जिप्सीचं निदान गोत्र जुळतं, पण माउंट, शाफ्टची लांबी, दांडीची जोडणी सगळं नव्याने. "आणि मामा, चौथा गियर म्हणजे इंजिनचे फेरे जसेच्या तसे शाफ्टला. पाचवा त्याच्याही वरचा. त्यात आवाज कमी होतो, पण ओढही कमी. तुम्ही एवढी माणसं भरता, पाचवा टाकणार कुठे?" मांडवीच्या पुलावर, असं मी म्हणालो. त्याने वही मिटली.

आमचे मेस्त्री कमी बोलतात. त्यांनी गाडी उभ्या जागी सुरू ठेवायला सांगितली, क्लच तळापर्यंत दाबला, थोडं थांबले आणि रिव्हर्स टाकला. काहीच किरकिर नाही. रिव्हर्सला सिंक्रोची, म्हणजे गियरांचे वेग जुळवून देणाऱ्या जोडणीची, मदत नसते, क्लच नीट सुटत नसता तर तोच आधी ओरडला असता. "क्लच बरो आसा," ते म्हणाले, "भितरलें पितळ गेलां." पाच गियरचं विचारलं तर खाली वाकूनच उत्तर आलं: "बसतलो. पूण मागीर ही तुजी वॅन उरची ना." खूळ तिथेच उतरलं. बाबांना मनातून बरंच वाटलं. तिसऱ्याला चाटवायची त्यांची विद्या वाचली.

गियरबॉक्स खाली घेणं हे काम बघण्यासारखं, आणि अजिबात हुंगण्यासारखं नाही. आधी तेल सोडलं. जुन्या गियर ऑइलला गंधकाचा असा वास येतो की शेजारच्या गाड्याचा भजीवाला तेलाकडे संशयाने बघायला लागला. मग प्रोपेलर शाफ्ट, स्टार्टर, दांडीची जोडणी, बोल्टांमागून बोल्ट, आणि शेवटी तो जड खोका मेस्त्रींच्या पोऱ्याच्या छातीवर अलगद आला. उघडल्यावर मेस्त्रींनी एक पितळी कडं माझ्या तळहातावर ठेवलं. आतून गुळगुळीत, बोट फिरवलं तर काही लागेना. शेजारी नवं ठेवलं, त्याच्या आतल्या अंगाला स्क्रूच्या आट्यांसारख्या बारीक रेघा. त्या रेघा गियरच्या कोनावरचं तेल कापतात, कडं त्याला घट्ट धरतं, दोघांचा वेग एक होतो आणि मग दात मुकाट बसतात. आमच्या कड्यात धरायला काही उरलंच नव्हतं. दोन पिढ्यांचं भांडण त्या बांगडीएवढ्या पितळेवरून चाललं होतं. गियर सुटायचा तो दुसऱ्या कारणाने: माझ्या बळाच्या धोरणाने दातांची टोकं गोल झाली होती. हे मेस्त्रींनी बायकोसमोर सांगायची गरज नव्हती.

कडं होतं, गियर नव्हता. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात माणसाला मुळ्यापासून म्हशीच्या दाव्यापर्यंत सगळं मिळतं, दुसरा गियर मिळत नाही. तो बेळगावात निघाला आणि चोर्ला घाटातून येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरच्या सीटमागे बसून आला. तोवर चतुर्थी दाराशी. गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीचं सामान, नारळाचे पेंड, सुपारीचे घोस आम्ही शेजाऱ्यांच्या स्कूटरांवरून आणले, आणि प्रत्येक शेजाऱ्याने विचारलं, "पाचवा बसवला?" नवं तेल घालताना एकच वाद झाला. भाऊ महागडं जीएल-५ प्रतीचं गियर ऑइल घेऊन आला होता. मेस्त्रींनी ते परत पाठवलं. त्यातली काही द्रव्यं पितळ खातात, सिंक्रोला जीएल-४ च बरं.

गाडी घरी आली. दुसरा लोण्यासारखा पडतो. बाबा सवयीने अजून तिसऱ्याकडे जातात, बायको मनातल्या मनात काहीतरी पुटपुटतेच. फक्त मागून आता एक बारीक, लांब 'ऊंऽऽ' ऐकू येतं. गाडी धावते तसा चढतं, थांबते तसा उतरतं. मेस्त्रींकडे परत गेलो. त्यांनी चक्कर मारली आणि हात पुसत म्हणाले, "डिफरन्शियल. हो आवाज पयलींसून आसलो. गियराच्या आवाजांत आयकूंक येनासलो." म्हणजे तो आधीपासून होताच, गियरच्या किर्ररमध्ये ऐकू येत नव्हता.

घुमट आरतीला निघालो तेव्हा बुवांना ते सांगितलं. त्यांनी मान तिरकी करून बराच वेळ ऐकलं. "काळी एक," ते पेटीची पट्टी सांगावी तसं म्हणाले. पुढे उतार लागला तशी गाडी जरा पळाली. बुवांनी जुन्या सवयीने गियरच्या दांडीवर हात ठेवला. "पांढरी दोन झाली रे. हळू चालव, आज माझा आवाज तिथपर्यंत जात नाही."