आयओएमएमयू बंद केला म्हणजे ड्रायव्हर दुरुस्त झाला असं नाही

नव्या सर्व्हरवर स्टोरेज कार्डाचा ड्रायव्हर लोड केला आणि कर्नल लॉगमध्ये डीएमएआर फॉल्टच्या (कार्डाने परवानगी नसलेल्या मेमरीला हात लावल्याच्या) ओळी धो धो यायला लागल्या, की पहिला सल्ला ठरलेला असतो: बूट लाइनमध्ये "इंटेल_आयओएमएमयू=ऑफ" टाका, म्हणजे आयओएमएमयू (कार्डांना मेमरीतले ठरवून दिलेले पत्तेच वापरू देणारा हार्डवेअरचा भाग) बंद करा. ओळी थांबतात, डिस्क दिसते, तिकीट बंद. माझ्या मते हे निव्वळ दुखणं अंगावर काढणं आहे. कार्ड चुकीच्या पत्त्यावर लिहायचं थांबत नाही, फक्त त्याला अडवणारं कुणी उरत नाही. जे लिखाण आधी अडवलं जाऊन लॉगमध्ये यायचं, ते आता कुणाच्या तरी पेज कॅशमध्ये (मेमरीत ठेवलेल्या फाइलींच्या डेटात) जाऊन बसतं आणि पुढे कधीतरी फाइलसिस्टिमचा चेकसम चुकतो. तेव्हा केएएसएएन (मेमरीच्या चुका शोधणारा कर्नलचा तपासनीस) लावूनही हाती काही लागत नाही. तो सीपीयूने केलेले अॅक्सेस तपासतो, कार्डाने परस्पर केलेलं लिखाण त्याला दिसतच नाही.

म्हणून आधी ती फॉल्टची ओळ नीट वाचा. त्यात "डीएमए राइट" (डीएमए म्हणजे कार्डाने सीपीयूला मध्ये न घेता थेट मेमरीशी केलेली देवाणघेवाण) असेल तर कार्ड मेमरीत लिहायला गेलं होतं, म्हणजे चालू होती ती डिस्कवरून वाचायची कमांड. हे उलटं समजून भलत्याच फंक्शनमध्ये शोधत बसणारे खूप. कारण क्रमांक ५ म्हणजे पेज टेबलात लिहायची परवानगी नाही, ६ म्हणजे वाचायची नाही. ५ आला की दोन गोष्टी बघायच्या: मॅपिंग (बफरची आयओएमएमयूच्या पेज टेबलातली नोंद) मुळात आहे का, आणि असलं तर बफर चुकून डीएमए_टू_डिव्हाइस (मेमरीकडून कार्डाकडे) दिशेने मॅप झालाय का.

पत्ता त्याहून जास्त बोलतो. लिनक्स पीसीआय कार्डांना आयओव्हीए (कार्डाने वापरायचे पत्ते, ज्यांची खरी जागा आयओएमएमयू शोधतो) शक्यतो ४ जीबीच्या खालचे, वरच्या टोकाकडून देत येतो. फॉल्टमधला पत्ता तसा न दिसता थेट रॅममधल्या एखाद्या जागेसारखा दिसला, तर ड्रायव्हरने डीएमए पत्त्याऐवजी फिजिकल पत्ता डिस्क्रिप्टरमध्ये (कार्डाला काम सांगणाऱ्या नोंदीत) भरलाय का ते बघा. सगळे एफ दिसले तर डीएमए_मॅपिंग_एरर ही परत आलेली किंमत न तपासताच कार्डाला दिलेली असते. शून्य असेल तर डिस्क्रिप्टरचं ते घर भरायचंच राहिलंय. आणि मॅप केलेल्या तुकड्याला लागून लगेच पुढचं पेज असेल तर लांबीचं गणित चुकलंय, किंवा कार्ड प्रीफेच करताना (पुढचं आधीच वाचून ठेवताना) हद्द ओलांडतंय.

अंदाज नको असेल तर ट्रेसिंगमध्ये आयओएमएमयूचे मॅप आणि अनमॅप हे दोन इव्हेंट चालू करून तोच पत्ता शोधा. कधी मॅपच झाला नव्हता, की फॉल्टच्या आधी अनमॅप झाला होता? या एका प्रश्नाच्या उत्तरावर शोधाची दिशा ठरते.

कधी मॅपच झाला नव्हता, तर सगळ्यात जास्त वेळा गुन्हेगार निघतो तो डीएमए_मॅप_एसजीचा (विखुरलेल्या बफरचे तुकडे एकदम मॅप करणाऱ्या फंक्शनचा) परतावा. समजा ५१२ केबीची रिक्वेस्ट आहे, विखुरलेल्या १२८ पेजेसची, प्रत्येक पेज ४ केबीचं. आयओएमएमयू नसेल तर फंक्शन १२८ परत करतं. आयओएमएमयू असेल तर तो शेजारशेजारचे पत्ते देऊन तुकडे जोडतो. सेगमेंटची (अशा जोडलेल्या एका तुकड्याची) मर्यादा ड्रायव्हरने बदलली नसेल तर ती ६४ केबी धरली जाते, म्हणून परतावा येतो ८. आता ड्रायव्हरचा लूप १२८ वेळा फिरत असेल, तर नवव्या एंट्रीपासून लांबी शून्य आणि पत्त्यात सगळे एफ. लूप ८ वेळाच फिरतोय, पण लांबी एसजी_डीएमए_लेनऐवजी एसजीच्या मूळ लेंग्थ फील्डमधून घेतलीय, तर प्रत्येक ६४ केबीतले पहिले ४ केबीच कार्डापर्यंत पोचतात. दोन्ही चुका आयओएमएमयू बंद असताना दिसत नाहीत, आणि "बंद केल्यावर चालतं, म्हणजे ड्रायव्हर बरोबर" हा गैरसमज इथूनच येतो.

अनमॅप करताना मात्र मूळचे १२८च द्यायचे, ८ नाही. ८ दिले तर एक्स८६वर बहुधा काहीच बिघडलेलं दिसत नाही. कॅश कोहेरंट नसलेल्या (सीपीयूची कॅश कार्डाच्या लिखाणाशी आपोआप जुळत नाही अशा) एआरएम बोर्डवर मात्र कॅशची साफसफाई पहिल्या ८ पेजेसपुरतीच होते आणि उरलेल्यांत जुना डेटा दिसू शकतो. मग दोष बोर्डाला!

पत्ता आधीच अनमॅप झालेला निघाला, तर सरळ टाइमआउटचा कोड उघडा. एनव्हीएमईचा आयओ टाइमआउट मुळात ३० सेकंदांचा असतो, स्कझी डिस्कचाही तेवढाच. वेळ संपली की घाईघाईत रिक्वेस्ट पुरी करून बफर अनमॅप करणारे ड्रायव्हर असतात, आणि कार्ड मात्र ती कमांड अजून चघळत असतं. आधी कंट्रोलर रीसेट करा, डीएमए थांबल्याची खात्री करा, मगच अनमॅप.

हा बग पकडायला आयओएमएमयू नुसता चालू असून भागत नाही. एक्स८६वर तो सहसा लेझी मोडमध्ये असतो: अनमॅप झालेले पत्ते रांगेत साठवायचे आणि २५६ झाले किंवा १० मिलिसेकंद उलटले की एकदम फ्लश करायचे. तेवढ्या वेळात उशिरा आलेलं लिखाण बिनबोभाट खपून जातं. टेस्ट मशिनवर "आयओएमएमयू.स्ट्रिक्ट=१" लावा. वेग कमी होईल, होऊ द्या.

"एसडब्ल्यूआयओटीएलबी बफर इज फुल" हा निराळा प्रकार; एसडब्ल्यूआयओटीएलबी म्हणजे कार्डाचा हात न पोचणाऱ्या बफरसाठी मधली कॉपी ठेवायची बाउन्स जागा. त्यावर बफर वाढवायचा सल्ला सर्रास मिळतो. आधी ड्रायव्हर ६४ बिटचा डीएमए मास्क (कार्ड किती बिटांचा पत्ता वापरू शकतं ते) मागतो का ते बघा. मागितला नाही तर ३२ बिटच धरला जातो आणि ४ जीबीच्या वरचा प्रत्येक बफर ६४ एमबीच्या त्या बाउन्स जागेतून कॉपी होतो. जागा शिल्लक दिसत असूनही "फुल" येतं, कारण एक स्लॉट २ केबीचा आणि २५६ केबीच्या तुकड्याला सलग १२८ स्लॉट लागतात. त्याहून मोठं मॅपिंग तर इथे होतच नाही.

एका तपासणीसाठी मात्र आयओएमएमयू खुशाल बंद करा: "एसडब्ल्यूआयओटीएलबी=फोर्स" लावून. मग प्रत्येक ट्रान्सफर बाउन्स बफरमधून जातो आणि सिंक किंवा अनमॅप होईपर्यंत कार्डाने आणलेला डेटा तुमच्या बफरमध्ये येतच नाही. विसरलेला सिंक आणि चुकीची दिशा साध्या एक्स८६ मशिनवरच उघडी पडते. सोबत फिओ (डिस्क तपासायचं टूल) सीआरसी३२सी चेकसमच्या पडताळणीसह चालवा, नाहीतर करप्शन होऊनही टेस्ट पास दिसेल.

आणि कर्नल डीएमए_एपीआय_डीबग चालू करून बिल्ड करा. एरर न तपासणं, वेगळ्या लांबीने अनमॅप करणं, स्टॅकवरचा बफर मॅप करणं, वर सांगितलेली एंट्रीसंख्येची चूक, हे सगळं तो नावानिशी सांगतो. मेख एकच: मुळात तो फक्त पहिली एरर छापतो. नेटवर्क ड्रायव्हरने ती संधी घेतली की तुमचा स्टोरेज ड्रायव्हर निर्दोष वाटतो. डीबगएफएसमध्ये (कर्नलच्या डीबग फाइलींच्या जागेत) डीएमए-एपीआयच्या फोल्डरखाली ड्रायव्हर_फिल्टरमध्ये आपल्या ड्रायव्हरचं नाव लिहा आणि ऑल_एरर्समध्ये १. बूटच्या वेळच्या एरर हव्या असतील तर तेच नाव "डीएमए_डीबग_ड्रायव्हर=" पुढे बूट लाइनमध्ये द्या.