‘बम्पस्टॉप अर्धे कापा’ हा सल्ला कुठे चुकतो

लोअरिंग स्प्रिंग (गाडी खाली आणणारी) बसवायला निघालात की हा सल्ला हमखास मिळतो: बम्पस्टॉप, म्हणजे चाक फार वर आलं की त्याला अडवणारे शॉक ॲब्झॉर्बरच्या रॉडवरचे तुकडे, अर्धे कापा, नाहीतर काढूनच टाका. नुसतं रबर आहे ते. नवी स्प्रिंग कडक असते, गाडी तिथपर्यंत दबतच नाही. शिवाय कापल्यावर राइड मऊ होते.

‘नुसतं रबर’ म्हणणाऱ्यांनी शॉकवरचं डस्ट कव्हर सरकवून तो तुकडा नीट बघावा. बहुतेक आधुनिक गाड्यांत तो पॉलियुरेथेन फोमचा असतो. टोक निमुळतं, अंगावर वळ्या, बूड जाड. टोक बोटांनी दबतं, बूड दबत नाही. हा आकार मुद्दाम दिलेला आहे: चाक वर येताना आधी मऊ टेका मिळतो, मग विरोध वाढत जातो. म्हणजे ती दुसरी स्प्रिंगच झाली. गाडी पूर्ण भरली किंवा वळणावर जोरात झुकली की तिने काम करावं, हे कित्येक गाड्यांच्या डिझाइनमध्येच धरलेलं असतं.

‘स्प्रिंग कडक आहे, तिथपर्यंत जात नाही’ हा दावा सगळ्यात जास्त पटतो आणि नेमका तोच हिशेबात टिकत नाही. समजा, उभ्या गाडीत चाकाला वर जायला 80 मिमी जागा होती. गाडी 30 मिमी खाली आणली, उरली 50. स्प्रिंग 20 न्यूटन प्रति मिमीऐवजी 25 ची, म्हणजे 25 टक्के कडक. आधी 80 मिमी दबायला 1600 न्यूटन जादा भार लागायचा. आता 50 मिमीला 1250 पुरतो. स्प्रिंग कडक झाली, तरी शेवट गाठणं सोपं झालं! धक्क्याची ऊर्जा बघितली तर फरक आणखी मोठा. ती दबण्याच्या अंतराच्या वर्गाने वाढते, म्हणून 80 मिमीत जेवढी शोषली जायची तेवढी 50 मिमीत शोषायला स्प्रिंग अडीच पटीहून कडक हवी. तेवढी कडक स्प्रिंग रोजच्या गाडीत कोणी बसवत नाही. मग उरलेला धक्का कोण घेणार? बम्पस्टॉप. तोच काढला तर शॉकच्या आतला पिस्टन तळाच्या व्हॉल्व्हवर आदळू शकतो, नाहीतर टायर चाकाच्या कमानीला घासतो.

राइडबद्दलच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे, आणि ते नाकारणं चूक ठरेल. गाडी खाली आल्यावर शॉक आणि बम्पस्टॉपमधलं अंतर संपलं, तर गाडी कायम स्टॉपवर टेकून चालते आणि बारीक खळगासुद्धा अंगावर येतो. म्हणूनच काही स्प्रिंग उत्पादक ठरावीक मापाने स्टॉप कापायला सांगतात किंवा आखूड स्टॉप सोबत देतात. पण ते माप त्या गाडीचं आणि त्या स्प्रिंगचं असतं. ‘अर्धे’ हे माप कुठून आलं? टोकाकडून अर्धा उडवला की मऊ सुरुवात गेली. धक्का थेट कडक बुडावर. बुडाकडून कापला तर वरच्या माउंटमधली (शॉक गाडीला जोडणाऱ्या भागातली) पकड सुटू शकते. आखूड स्टॉप तयार मिळत असेल तर पातं हातात घेऊच नका. कापायचाच असेल तर सूचनापत्रात दाखवलेल्या बाजूने, धारदार पात्याने, सरळ काटकोनात.

पुढचे-मागचे स्टॉप अंदाजाने वेगवेगळे कापणं तर धोक्याचं आहे. वळणावर पुढचा स्टॉप आधी टेकला तर गाडी नाकाने बाहेर सरकते, मागचा टेकला तर शेपूट सुटते, आणि हे अचानक होतं.

सूचनापत्र नसेल तर मोजा. चारही चाकं जमिनीवर, गाडीवर नेहमीचा भार, आणि शॉकचं तोंड (जिथून रॉड आत जातो) ते स्टॉपचं टोक हे अंतर. मग शॉकच्या रॉडवर, तोंडालगत, एक झिप टाय (प्लास्टिकची बांधपट्टी) सैलसर आवळा आणि नेहमीच्या रस्त्यांवर चालवा. टाय वर सरकून स्टॉपच्या टोकाशी थांबला तर सगळं ठीक. रोज तो स्टॉपला पार चेपून बसत असेल तर गाडी त्या भाराला जास्त खाली गेली आहे. तिथे स्टॉप कापून काहीच सुटणार नाही, स्प्रिंगच बदलावी लागेल.